चाळीस अर्ज, दोन उत्तरं आणि जर्मनची पदवी

प्रश्न: ताई, मी जर्मन भाषा आणि साहित्य घेऊन पदवी करते आहे. दुसरं वर्ष संपत आलंय. जर्मनची बी-टू परीक्षा (ए-वन ते सी-टू या सहा पातळ्यांतली चौथी) चांगल्या गुणांनी पास झाले. वर्गात सगळे म्हणतात, जर्मनीत इंटर्नशिप केल्याशिवाय या पदवीला किंमत नाही. म्हणून बर्लिन आणि म्युनिकमधल्या मोठमोठ्या कंपन्यांना सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी चाळीसेक अर्ज धाडले. उत्तरं आली दोन. दोघांनीही एकच विचारलं, इंटर्नशिप अभ्यासक्रमात सक्तीची आहे की तुम्ही स्वतःहून करताय? (मी खरं ते कळवलं, स्वतःहून. त्यानंतर काहीच नाही.) एक एजन्सी पैसे भरून हॉटेलात सहा महिने मिळवून देते म्हणते. मैत्रीण म्हणते, त्यापेक्षा एखाद्या कुटुंबात मुलं सांभाळायला ओ-पेअर म्हणून जा. घरी रोज एकच प्रश्न: पुढे काय, शिक्षिका की भाषांतरकार? मला दोन्हींतलं काही व्हावंसं वाटत नाही. आता वाटतंय, आधी पदवी पूर्ण करावी, मग निवांत बघावं. बरोबर आहे का?

उत्तर: तुझ्या पत्रातली कळीची ओळ तू कंसात टाकलीस. घोडं तिथेच अडलंय.

जर्मनीत २०१५ पासून किमान वेतनाचा कायदा आहे आणि तो इंटर्नलाही लागू होतो. विद्यार्थ्यांच्या बाबतीत सूट मुख्यतः दोन ठिकाणी मिळते. एक, इंटर्नशिप अभ्यासक्रमानंच सक्तीची केली असेल तर. तिकडे तिला प्फ्लिश्टप्राक्टिकुम म्हणतात. दुसरी, शिकत असताना स्वेच्छेनं केलेली पण तीन महिन्यांच्या आत संपणारी असेल तर. स्वेच्छेची इंटर्नशिप तीन महिन्यांपेक्षा लांबली, की अगदी पहिल्या दिवसापासून किमान वेतन द्यावं लागतं. जानेवारी २०२६ पासून ते तासाला १३.९० युरो आहे. आठवड्याचे ४० तास धरले तर महिन्याला साधारण २,४०० युरो होतात. आता कंपनीत अर्ज चाळणाऱ्या बाईंच्या जागी बसून बघ. समोर सारख्याच गुणांच्या दोन मुली. एकीला काय द्यायचं ते कंपनीच्या मर्जीवर, दुसरीला दरमहा २,४०० कायद्यानं. तू काही कमी पडली नाहीस, त्यांच्या हिशेबात बसली नाहीस.

यावर मार्ग दोन आहेत. एकतर अर्जातच तीन महिन्यांच्या आतला कालावधी माग, तारखांसकट. नाहीतर तुझ्या विभागात जाऊन विचार, की अभ्यासक्रमात प्रकल्प किंवा क्षेत्रकार्याचे श्रेयांक आहेत का आणि ते इंटर्नशिपनं भरून निघतात का. पुष्कळ अभ्यासक्रमांत अशी सोय असते आणि पुष्कळ विद्यार्थ्यांना ती शेवटच्या वर्षापर्यंत ठाऊक नसते. असेल, तर नियमाचा उल्लेख, कालावधी आणि श्रेयांक लिहिलेलं जर्मनमधलं पत्र विभागाच्या शिक्क्यानिशी घे आणि प्रत्येक अर्जाला जोड. नसेल, तर 'आहे' म्हणून पत्र बनवून घ्यायच्या भानगडीत पडू नकोस. अभ्यासक्रम मागवून पडताळणारी माणसं तिथे असतात, आणि व्हिसाच्या कागदांत खोटं सापडलं तर ते इंटर्नशिप हुकण्यापेक्षा फार महागात पडतं.

आता 'आधी पदवी, मग निवांत' याबद्दल. नाही, बरोबर नाही. युरोपीय संघाबाहेरच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलामुलींसाठी जर्मनीत एक खास वाट आहे: विषयाशी संबंधित इंटर्नशिप, जास्तीत जास्त १२ महिने, किमान चार सत्रं पूर्ण झालेली हवीत, आणि त्यांच्या केंद्रीय रोजगार खात्याच्या झेडएव्ही या शाखेची संमती हवी. ही वाट विद्यार्थ्यांची आहे. निकाल हातात पडला आणि नाव पटावरून गेलं, की ती बंद. म्हणजे तुझी चार सत्रं आता पुरी होतायत आणि तू नेमकी दार उघडताना मागे वळायचं म्हणते आहेस.

ही संमती कंपनी किंवा संस्था मागते. त्यांना एक अर्ज भरावा लागतो आणि कोणत्या आठवड्यात काय शिकवणार याचा आराखडा द्यावा लागतो. छोट्या संस्थांनी हे पूर्वी केलेलं नसतं आणि नुसत्या 'परवानगी' या शब्दानंच त्या बिचकतात. त्यामुळे होकार आला की लगेच, कोणता अर्ज, कुठे पाठवायचा, हे तूच सभ्यपणे कळव आणि आराखड्याचा मसुदाही तूच करून दे. व्हिसासाठी तिथला खर्च कसा भागवणार याचा पुरावा लागतोच, त्यामुळे बिनपगारी इंटर्नशिप म्हणजे घरून पैसे, हे आधीच घरच्यांशी बोलून घे. आणि या सगळ्याला वेळ लागतो. निघायच्या तारखेच्या पाच-सहा महिने आधी सुरुवात केलीस तरच जमेल.

'विषयाशी संबंधित' ही अट वाचलीस, की एजन्सीचा प्रश्न आपोआप निकालात निघतो. साहित्याच्या विद्यार्थिनीनं सहा महिने खोल्या आवरल्या किंवा नाश्ता वाढला, तर त्यात अभ्यास कोणता, हे झेडएव्हीतल्या माणसाला पटवणं अवघड आहे. हॉटेल व्यवस्थापन शिकणाऱ्या मुलासाठी तीच जागा योग्य असते, म्हणून एजन्सीचा 'आमची कितीतरी मुलं गेली' हा दावा खराही असेल. तुला त्याचा उपयोग नाही. शिवाय व्हिसा नाकारला गेला तर भरलेले पैसे परत मिळतात का, हे त्यांना लेखी विचार. काय उत्तर येतं ते मलाही कळव, उत्सुकता आहे.

मग अर्ज कुठे करायचा? आधी मोठ्या कंपन्यांच्या नावांवरून नजर काढ. तुझ्या अर्जात 'जर्मन बी-टू' ही सगळ्यात ठळक ओळ असणार. पण जर्मनीत जर्मन येणं ही पात्रता नाही, तिथल्या बसचालकालाही ती येते, तुझ्यापेक्षा चांगली. तुझ्या जर्मनला भाव आहे तो जर्मनीबाहेर. जर्मनीत तुझ्याकडे वेगळं काय असेल तर दुसऱ्या भाषा, बाहेरची नजर, आणि एखादं काम नीट करायची तयारी. म्हणून इंटर्नशिप निवडताना शहर आणि नाव बघू नकोस. तिथे दिवसभर कोणतं काम जर्मनमधून करायला शिकशील, ते बघ. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे, बाकीचा तपशील.

एक उदाहरण घे. मध्यम आकाराचं एखादं जर्मन प्रकाशन असतं, तिथे परदेशी हक्क, म्हणजे पुस्तक दुसऱ्या भाषेत काढायचे हक्क, विकणारा दोन-तीन माणसांचा विभाग असतो. ऑक्टोबरात फ्रांकफुर्टचा पुस्तक मेळा भरतो. तिथे अर्ध्या अर्ध्या तासाच्या बैठका ओळीनं लावलेल्या असतात, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, आणि समोर दर वेळी वेगळ्या देशाचा प्रकाशक. त्या अर्ध्या तासासाठी उन्हाळाभर तयारी चालते: प्रत्येक नव्या पुस्तकाचा इंग्रजीत गोषवारा, हक्कांची यादी, कोणत्या भाषेतले विकले गेले आणि कोणते शिल्लक आहेत त्याचा तक्ता, बैठकीनंतर कोणाला काय पाठवायचं त्याच्या नोंदी. जर्मन पुस्तक वाचून दुसऱ्या दिवशी पानभर स्वच्छ इंग्रजी लिहून देणारी मुलगी जुलै ते सप्टेंबर कोणाला नको असेल? हे तीन महिन्यांच्या आत बसतं आणि तुझ्या विषयाशी सरळ जोडलेलंही आहे. मार्चमधल्या लाइपझिगच्या मेळ्याआधीही प्रकाशकांची धावपळ असते, पण तो मुख्यतः वाचकांचा मेळा, तिथे जनसंपर्क आणि लेखकांचे कार्यक्रम यांचं काम जास्त.

पुस्तकांत रस नसेल तर मारबाखचं साहित्य-अभिलेखागार आहे. कवी-नाटककार शिलरचं जन्मगाव, नेकार नदीकाठचं छोटं शहर; काफ्काच्या हस्तलिखितांपासून कितीतरी लेखकांचे कागद तिथे जपलेले आहेत. संग्रहालयं आहेत. कासेलला दर पाच वर्षांनी समकालीन कलेचं डॉक्युमेंटा प्रदर्शन भरतं, पुढचं २०२७ मध्ये आहे, आणि एवढ्या मोठ्या प्रदर्शनाला आधीच्या वर्षापासून माणसं लागतात. बॉन आणि बर्लिनमध्ये डॉइच वेले आहे, तीसच्या आसपास भाषांत प्रसारण करणारी. आणि कोणी फारसं नाव न घेणारी जागा म्हणजे फोल्क्सहोखशूले, गावोगावची प्रौढ शिक्षण केंद्रं. स्थलांतरितांना जर्मन शिकवण्याचा मोठा भार ती उचलतात. तिथल्या इंटिग्रेशन कोर्समध्ये साधारणपणे ६०० तास भाषेचे आणि १०० तास तिथल्या कायद्याचे, इतिहासाचे आणि समाजाचे असतात. एका वर्गात सीरियातून आलेला सुतार आणि ब्राझीलची दंतवैद्य शेजारी बसलेले बघशील, तेव्हा 'शिक्षिका' या शब्दाबद्दलचं तुझं मत कदाचित बदलेल. त्याबद्दल पुढे लिहितेच.

अर्जाविषयी थोडं, कारण तुझा नमुना तू सोबत पाठवलास. पहिलंच वाक्य 'मला लहानपणापासून जर्मन भाषा आणि संस्कृतीची आवड आहे'. काढून टाक. हे चाळीसही अर्जांत असतं, शिवाय त्यातून वाचणाऱ्याला काही कळत नाही. त्याच नमुन्यात खाली कुठेतरी दडपलेलं आहे, की विभागातल्या प्राध्यापकांसाठी तू ध्वनिमुद्रित जर्मन मुलाखती ऐकून त्यांचं टंकलेखन केलंस आणि प्रत्येकीचा इंग्रजीत सारांश केलास. अगं, हे वर आण! हेच तुझं भांडवल. पत्र एका पानाचं. वर विषयाच्या ओळीत कोणती इंटर्नशिप आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. मायना संस्थेच्या संकेतस्थळावर नाव शोधून त्या माणसाच्या नावानं, 'महोदय/महोदया' नको. जीवनवृत्त तक्त्याच्या रूपात, नवीन गोष्ट वर, जुनी खाली, मधे महिने रिकामे असतील तर तिथे काय केलं त्याची एक ओळ. फोटो लावायची जुनी पद्धत आहे पण सक्ती नाही. सगळं मिळून एकच पीडीएफ. आणि चाळीस ठिकाणी एकच पत्र पाठवण्यापेक्षा आठ ठिकाणी आठ वेगळी पत्रं. पत्र वाचल्यावर 'ही आमच्याकडेच का आली' हे कळलं नाही, तर ते बाजूला पडतं.

ओ-पेअरचं म्हणशील तर ती इंटर्नशिप नव्हे, हे आधी स्पष्ट असू दे. घरातली मुलं सांभाळायची, आठवड्याला जास्तीत जास्त ३० तास, राहणं-जेवण कुटुंबात आणि हातखर्चाला महिन्याला २८० युरो. वयाची अट २७ च्या आत आणि भाषेची अट जेमतेम ए-वन. बोली जर्मन झकास होते, यात शंका नाही, विशेषतः चार वर्षांचं पोरगं तुमच्या चुका दिवसातून दहा वेळा दुरुस्त करतं तेव्हा. पण बी-टू झालेल्या मुलीनं त्यात वर्ष घालवावं असं मला वाटत नाही. तेवढंच वर्ष द्यायचं असेल, तर स्वयंसेवेचं वर्ष बघ. एफएसजे किंवा बुंडेसफ्राइविलिगेनडीन्स्ट या नावानं ते चालतं, त्यातला दुसरा प्रकार सक्तीची सैन्यभरती थांबवली त्या २०११ मध्ये सुरू झाला. रुग्णालयं आणि वृद्धाश्रमांबरोबर नाट्यगृहं, संग्रहालयं, सांस्कृतिक केंद्रं अशा जागाही त्यात असतात. पैसे हातखर्चापुरतेच, पण विमा भरला जातो आणि काही ठिकाणी राहण्याची सोयही असते. याला तू विद्यार्थिनी असणं लागत नाही. म्हणजे पदवीनंतर 'निवांत' करायचं काही असेल तर ते हे.

आता घरच्यांचा प्रश्न. शिक्षिका की भाषांतरकार, असं ते विचारतात, कारण फक्त जर्मनच्या जोरावर पोट भरणारे खरोखर हे दोनच मोठे व्यवसाय आहेत. बाकी सगळीकडे 'जर्मन अधिक काहीतरी' लागतं.

भाषांतराबद्दल स्पष्टच सांगते. डीपएल नावाची कोलोनची कंपनी २०१७ मध्ये आपलं यंत्र-भाषांतर घेऊन आली आणि नवख्या भाषांतरकारांना मिळणारी साधी कामं, पत्रव्यवहार, माहितीपत्रकं, संकेतस्थळं, तिथून आटत गेली. आता ती बहुतेक यंत्राचं लेखन तपासायची कामं झाली आहेत आणि त्यांचा दर कमी असतो. टिकून आहे ते काम चुकीची जबाबदारी कोणीतरी माणसानं घ्यायची असते तिथलं: न्यायालयाची कागदपत्रं, औषधं, पेटंट, यंत्रांची मार्गदर्शिका. तिथे भाषेइतकाच विषय कळावा लागतो. सभांमध्ये दुभाषेपण करायचं तर गेर्मर्सहाइम किंवा हायडेलबर्गसारख्या ठिकाणचं खास पदव्युत्तर शिक्षण हवं, नुसत्या चुरचुरीत बोलण्यावर ते होत नाही. साहित्याचं भाषांतर हा आनंदाचा भाग आहे. त्यासाठी श्ट्रालेनमध्ये १९७८ पासून अनुवादकांचं निवासगृह आहे, जगभरची माणसं येऊन तिथे राहून काम करतात. पण त्यावर घरभाडं निघेल अशी अपेक्षा ठेवू नकोस.

शिकवण्याचं चित्र मात्र तुझ्या डोळ्यांसमोर आहे त्याहून बरंच वेगळं आहे. तुझ्या मनात शाळेतला आठवीचा वर्ग असणार. मागणी वाढली आहे ती मोठ्या माणसांना शिकवणाऱ्यांची. जर्मनीनं २०२० मध्ये कुशल कामगारांसाठी स्थलांतराचा कायदा सैल केला, २०२३-२४ मध्ये आणखी सैल केला. तिथे जाणाऱ्या परिचारिकेला नोंदणीसाठी साधारणपणे बी-टू लागतं, आउसबिल्डुंगला, म्हणजे काम करत व्यवसाय शिकायला, जाणाऱ्या मुलाला सहसा बी-वन. त्यांना घाई असते, स्वतःचे पैसे आणि पुढचं आयुष्य त्यात अडकलेलं असतं, आणि शिकवणारी चांगली असेल तर ती माणसं तिला सोडत नाहीत. परिचारिकेला वॉर्डातल्या पाळीबदलाचा अहवाल जर्मनमध्ये लिहायला शिकवणं हे कवितेच्या रसग्रहणापेक्षा कमी दर्जाचं काम आहे, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते एकदा करून बघावं. यासाठी गोएथे इन्स्टिट्यूटचे प्रशिक्षणक्रम आहेत. पुढे जायचं असेल तर परकी भाषा म्हणून जर्मन शिकवण्याचं पदव्युत्तर शिक्षण लाइपझिगच्या हेर्डर इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी मिळतं.

दोन्ही नकोच असेल, तर 'अधिक काहीतरी' शोधायला तुझ्याकडे एक मोठी सवलत आहे आणि ती तुझ्या लक्षात आलेली दिसत नाही. जर्मनीत शिकायला जाणारे बहुतेक परदेशी विद्यार्थी इंग्रजीतल्या अभ्यासक्रमांवर तुटून पडतात, कारण त्यांना दुसरा इलाज नसतो. जर्मनमधून चालणारे पदव्युत्तर अभ्यासक्रम संख्येनं कितीतरी जास्त आहेत आणि तिथे परदेशी अर्जदारांची गर्दी कमी असते: माइन्त्सला ग्रंथविद्या, इतरत्र ग्रंथालयशास्त्र, संग्रहालयशास्त्र, तांत्रिक लेखन. टेस्टडाफ किंवा डीएसएच ही विद्यापीठ प्रवेशासाठीची जर्मनची परीक्षा द्यावी लागेल, म्हणजे आणखी एक पायरी चढायची. बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठांना शिकवणी शुल्क नाही. बाडेन-व्युर्टेम्बर्ग मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही अलीकडे शुल्क सुरू केलंय. शिकताना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात.

इथली पदवी संपवून थेट नोकरी शोधायला जायचं असेल, तर जून २०२४ पासून शान्सेनकार्टे, म्हणजे गुणांवर मिळणारा नोकरी शोधायचा परवाना, सुरू झालाय. मान्यताप्राप्त पदवी हवी आणि मग सहा गुण. बी-टू जर्मनचे तीन, वय ३५ च्या आत त्याचे दोन, इंग्रजी सी-वनचं प्रमाणपत्र असेल तर एक. झाले की सहा, अनुभवाचा एक दिवस नसताना! तेव्हा इंग्रजीची परीक्षा देऊन टाक. पण हा हिशेब फक्त दारापर्यंत नेतो. एका वर्षात कुशल काम शोधायचं, तोवर आठवड्याला २० तासच काम करायची मुभा आणि खर्चाची तजवीज आधी दाखवायची. हातात दुसरं कौशल्य नसताना ते वर्ष फार लवकर संपतं.

घरी त्यामुळे असं सांग, की अजून एक वर्ष मी हे काहीतरी कोणतं ते बघणार आहे. शिकवणं, पुस्तकांचे हक्क, अभिलेखागार, तांत्रिक लेखन, यांतल्या दोन गोष्टी प्रत्यक्ष करून बघितल्याशिवाय उत्तर देऊ नकोस. त्यांनाही पटेल, 'बघू' या उत्तरापेक्षा तरी.

इंटर्नशिप मिळालीच, तर शेवटच्या आठवड्यात लाजू नकोस आणि सविस्तर त्सॉइग्निस, म्हणजे कामाचं प्रमाणपत्र, माग. तारखा आणि नाव एवढंच लिहिलेला कागद नको. काय काम केलं आणि कसं केलं, हे दोन्ही त्यात हवं. अशा प्रमाणपत्रांत ठरावीक वाक्यं ठरावीक श्रेणीसाठी वापरतात, वरवर सगळी गोडच वाटतात, म्हणून सही व्हायच्या आधी मसुदा तुझ्या जर्मन शिक्षिकेला दाखव आणि बदल हवा असेल तर तिथे असतानाच सांग. परत आल्यावर ईमेल लिहून काही होत नाही.

पण हे सगळं पुढचं. आधी विभागाचं पत्र, आणि तेही परीक्षेच्या आत. सुट्टी लागली की शिक्का असतो, सही करणारं कोणी सापडत नाही.